एकवीस इंचांवर तीच गाठ

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, कस्टमच्या जुन्या बंगल्यात
आडभिंत खरवडायला घेतली.
वर मोरपंखी ऑईलपेंट,
त्याखाली सरकारी पिवळा,
पिवळ्याखाली चुना,
चुन्याखाली लाकूड.
बाबल्यानं पटाशी टेकवली मात्र,
ती आत गेली, लोण्यात जावी तशी.
"मेस्त्रीनू, ह्यां लाकूड न्हय. कागद आसा."

मी चष्मा पुसला.
चाळीस वर्षं रंधा मारतोय.
डोळे मिटून सांगेन हा किंजळ, हा ऐन,
हा रायवळ आंबा, पेटीच्या लायकीचा.
ही नस कोणाची ते मात्र सांगता येईना.
केळुसकर मॅडम म्हणाल्या, ओक. विलायतेतलं झाड.
तिकडे यंत्रावर छापायचे,
गुंडाळ्या आगबोटीनं यायच्या.
साहेबाला घर आठवत असेल, मी म्हटलं.
मला काय ठाऊक,
स्वस्तात मिळाला असेल.

मग ती गाठ दिसली.
डोळ्यासारखी, एका कडेला मिचकावलेली.
वर पाहिलं तर पुन्हा तीच.
टेप लावला. एकवीस इंच.
पुढे एकवीस, आणि पुढे एकवीस.
गाठ म्हणजे फांदी होती ती जागा.
इथे एकच फांदी
चौसष्ट वेळा गळालेली,
आणि पानाचा पत्ता नाही.

कागद सोलत गेलो.
वाळवीनं त्यात नद्या काढल्या होत्या, खाड्या काढल्या होत्या,
आणि मागे
फणसाच्या अखंड फळ्या,
जुन्या काकवीच्या रंगाच्या,
एक भोक नाही.
एवढी खरी फळी झाकून
वर परक्या झाडाचं चित्र!
बाबल्या हसत सुटला.
मीही हसलो असतो,
पण तो रूळ कोणीतरी कोरला असणार.
लाकडाच्या रुळावर
लाकडाचीच नस, पितळेच्या पट्ट्या ठोकून.
समोर एक खरी फळी ठेवून बसला असेल,
शंभर गाठींतून ही एक निवडली असेल,
मिचकावणारी.
त्याची भाषा मला कळली नसती,
त्याचं फुंकर मारून भुसा उडवणं कळलं असतं.

कोपऱ्यात एक पट्टी उलटी होती.
डोळा खाली, पापणी वर.
हा आपला माणूस.
ज्यानं ते झाड पाहिलंच नाही
त्याला शेंडा कुठला, बुडखा कुठला?
त्या पट्टीमागे, फणसावर,
पेन्सिलीनं मोडीत चार ओळी.
आरवलीच्या बर्डे पोस्टमास्तरांनी भिंग लावून वाचल्या:
तांदूळ दोन पायली, खळीस.
मोरचूद अर्धा शेर.
कागद कमी पडला.
मजुरी येणे. बुधाजी.

सव्वाशे वर्षं
ती मजुरी येणे आहे.

मॅडमना म्हटलं, फणस उघडाच ठेवू या,
तेल पाजतो, आरशासारखा होईल.
त्यांनाही पटलं.
पण एस्टिमेट मंजूर होऊन आलेलं,
त्यात लिहिलेलं: वूडन फिनिश लॅमिनेट,
शेड रस्टिक ओक.
फाटकाच्या खांबांना तर कालच
जांभ्याचं चित्र छापलेल्या टाइल्स बसल्या,
जांभ्याच्याच खांबांना,
त्यावर मी काय बोलणार.

पत्रे आले. पहिला उभा केला, टेप लावला.
आता गाठ चार फुटांवर परत येते.
यंत्र सुधारलंय.

बुधाजीच्या ओळी पुसल्या नाहीत.
त्यांच्या खाली जागा होती.
कानावरची पेन्सिल काढली, जिभेला लावली:
फेव्हिकॉल अकरा किलो.
खिळे घरचे.
पत्रे दोन कमी.
बिल

एवढ्यात बाबल्या, डोक्यावर पत्रा तोलून,
"आटपा मेस्त्रीनू, गोंद सुकता."